धुरपताबाईचा विळा

टेंभेपठारावर मारुतीच्या देवळात श्री राघोबुवा महाराज राहत. गळ्यात वीणा, मुखी नाम आणि तळहात लोण्यासारखे मऊ! जन्मात त्यांनी विळा-खुरपं हाती धरलं नव्हतं. मंडळी, एवढं ध्यानात असू द्या.

देवस्थानचं एक वावर धुरपताबाई नावाची एकटी बाई कसत असे. एकादशीच्या फराळाचा बटाटा तिथूनच येई. देवाच्या नैवेद्याला फवारणीचं औषध नको, म्हणून ती शेणखत घाली, ताक-गोमूत्र शिंपडी, बाकी काही नाही. शेजारचे दौलतराव एरंडे बडे शेतकरी, शिवाय देवस्थानचे पंच. ते पारावर चारचौघांत तिची टर उडवत.

"धुरपते, ताकाच्या वासानं करपा पळून जाईल व्हय गं? का हात जोडून परत फिरेल?"

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण यंदा बाईचं पीक बुडालं तर वावर दुसऱ्याला द्यायचं, असं त्यांनी बाकीच्या पंचांकडून वदवून घेतलं. हा दुसरा कोण, ते मी सांगायला हवं का? अहो, त्या बाईला पोटासाठी तेवढंच वावर होतं!

भाद्रपदात सप्ताह बसला आणि झड लागली. बटाट्याच्या पानांवर काळे ठिपके दिसू लागले. करपा आधी पानावर येतो, मग पावसाबरोबर मातीत उतरून बटाटा सडवतो. धुरपताबाई महाराजांपुढे येऊन ढसाढसा रडली. महाराज म्हणाले, "बाई, उद्या काल्याचं कीर्तन निवांत ऐक. वावराकडे बघणारा आहे."

काल्याच्या सकाळी असं धुकं पडलं की शेजारचा माणूस दिसेना. सारं गाव देवळात. महाराज वीणा घेऊन उभे, पुढ्यात दौलतराव बसलेले. काला होईपर्यंत महाराज जागचे हलले नाहीत.

धुकं उठलं. धुरपताबाई वावरात गेली आणि मटकन खालीच बसली. अरे देवा! एक हिरवं पान शिल्लक नव्हतं. सारा पाला मातीलगत कापून वावराबाहेर नेलेला, वरंब्यांवर ताजी माती चढवलेली. ती घरी धावली, तर कुडाच्या भिंतीत खोचलेला विळाही जागेवर नाही! गाव गोळा झालं. हळूहळू सगळ्यांच्या नजरा दौलतरावांकडे वळल्या.

"माझ्याकडं काय बघताय? मी महाराजांच्या पुढ्यात बसलोवतो! करप्याच्या आधी देवानंच पीक नेलं, त्याला मी काय करू?" असं म्हणून ते वर हसलेही.

बाई देवळात आली. "बाबा, माझं समदं गेलं वो!"

महाराज म्हणाले, "मातीवरचं गेलं. मातीखालचं कुणी नेलं का? काढणीपर्यंत उकरून बघू नकोस."

उघडंबोडकं वावर रोज बघायचं आणि उकरायचं नाही, सोपं आहे का हो? पण बाईनं शब्द पाळला.

इकडे दौलतरावांनी फवारणीवर फवारणी केली. पावसानं सगळी धुऊन नेली. पीक काळं पडलं. काढणीला वरंब्यात हात घातला तर सडका लगदाच वर आला, आणि वास असा की मजूर बायांनी नाकाला पदर लावले.

मग धुरपताबाईची काढणी लागली. दौलतराव बांधावर येऊन उभे राहिले. पहिली कुदळ पडली आणि बटाटे बाहेर आले. स्वच्छ, टणक, मुठीएवढे! पुढच्या वरंब्यातही तेच. दौलतरावांचा आ वासला. "इतक्या लवकर पाला गेल्यावर बटाटा सुपारीएवढाच राहायचा. हा पोसला कसा?"

बटाट्याची पहिली पाटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बाईच्या मागोमाग देवळात आणली.

महाराजांनी आसनाखाली हात घातला आणि विळा बाहेर काढला.

"घे बाई तुझा विळा. करपा मातीत उतरायच्या आधी पाला काढायचा होता, म्हणून न विचारता नेला. धार बोथट झालीय बघ, रागावू नकोस."

विळा पुढे करणाऱ्या त्या मऊ तळहातांवर फोड वाळून घट्टे पडले होते. सगळ्यांनी पाहिले! धुरपताबाईनं विळा घेऊन कपाळाला लावला.

"पण… काल्याच्या सकाळी तुम्ही तर माझ्या पुढ्यात उभे होता," दौलतराव कसेबसे म्हणाले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, ते वावर मलाच हवं होतं. चुकलो मी!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "वावर कुणाचं घेणार होतास? तिचं ना? मग पाय तिचे धर."

आणि सगळ्या गावादेखत दौलतराव एरंडे धुरपताबाईच्या मातीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवून लहान लेकरासारखे रडले.