त्रेचाळीस अंकांचे महाराज

अडचण अशी झाली, की महाराजांना नऊनं भागच जाईना!

राजा भालसेनाला पदव्यांचा कंटाळा आला होता. सिंह झाला, सूर्य झाला, आता काय? मग त्यानं पदवी म्हणून चक्क एक आकडा घेतला. त्रेचाळीस अंकी! नवग्रहांच्या मिरवणुकीत एकेकानं एकेक अंकाची पाटी धरून ओळीनं चालायचं. पुढे महाराज, हातात नऊ. मग मागच्या एकोणचाळीस मानकऱ्यांनीही नऊच धरला. आठ कोण घेणार? उरल्या तीन जागा. आचाऱ्याला पाच, घोड्यांच्या मोतद्दाराला तीन आणि शेवटी धुरपा पत्रावळीवालीला शून्य.

निघता निघता जोशीबुवा ओरडले, "थांबा! नवग्रहांच्या आकड्याला नऊनं पुरता भाग जायला हवा. इथे बाकी उरतेय!"

"जागा बदला!" प्रधान म्हणाले.

नऊवाल्यांनी नऊवाल्यांशी जागा बदलल्या, त्यावरून भांडलेही. आचारी पुढे आला, मोतद्दार मधे घुसला. बुवांनी दर वेळी नव्यानं भागाकार केला. (माझा तीन अंकांचाही चुकतो, त्यामुळे मला बुवांची दयाच येते.) बाकी जशीच्या तशी!

"हिचं शून्यच अपशकुनी!" प्रधानांनी धुरपाकडे बोट दाखवलं.

राजा हट्टाला पेटला. "धुरपे, नवा माणूस आणायचा नाही, मानकऱ्यांच्या पाट्यांना हात लावायचा नाही. आकडा जुळव, नाहीतर बिऱ्हाड उचल आणि वेशीबाहेर हो!"

"मी गेले तरी बाकी आठच राहील की, महाराज!"

बुवा दचकले. "आठ? मी तर अजून कुणाला सांगितलंच नाही!"

"पूजेच्या पत्रावळ्या मी नऊ-नऊच्या गठ्ठ्यांत बांधते, बुवा. दहा बांधल्या, एक उरते. शंभर बांधल्या, तरी एक. हजार, तरी एकच! म्हणजे माणूस कुठेही उभा राहू दे, हातात जेवढे तेवढेच उरणार. आणि हातात नऊ असले, तर त्यांचाही गठ्ठा! उरलं काय? काही नाही. म्हणून नऊवाले मी धरलेच नाहीत."

"धरलेच नाहीत?" मानकऱ्यांच्या मिशा थरथरल्या.

"आचाऱ्याचे पाच, मोतद्दाराचे तीन. झाले आठ. गठ्ठ्याला एकच कमी!"

धुरपानं पदरानं आपलं शून्य पुसलं आणि कोळशानं एक लिहिला. "मी कुठं मानकरी? माझी पाटी बदलली तर कुणाचं नाक कापलं जातंय?"

बुवांनी घाम पुसत भागाकार केला. बाकी काही उरली नाही!

राजानं आपल्या पाटीकडे पाहिलं. "धुरपे, म्हणजे माझा नऊसुद्धा तू धरला नाहीस?"

"असं कसं, महाराज! पहिला मान तुमचाच. सगळ्यांत आधी तुमचाच वगळला!"

राजा इतका हसला, की पाटी हातातून गळून पडली. नदीकाठचं पळसाचं अख्खं रान त्यानं तिथल्या तिथे धुरपाला देऊन टाकलं.

आणि पुढच्या वर्षी एकाची पाटी मिळावी म्हणून मानकऱ्यांची झुंबड उडाली!