घाटाखालचा कडबा

किती राजे आले नि गेले, त्याहूनही आधीच्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एका बाईचं छोटंसं दुकान होतं. घाट चढण्याआधी गाडीवान तिथे थांबत. बैलांना कडबा घालत आणि स्वतःसाठी गूळ-फुटाणे घेत. बाईचं पोट त्यावरच चालायचं.

एके वर्षी त्याच वाटेवर थोडं पलीकडे एका बड्या व्यापाऱ्याने पेठ उभारली. कापड, भांडी, धान्य, सगळं एका छपराखाली. शिवाय कडबाही, तोही बाईच्या निम्म्या भावाने. गाडीवान तिकडे वळले.

बाईच्या मनात पाल चुकचुकली. 'शेतातच कडबा याहून महाग पडतो. मग हा इतका स्वस्त देतो कसा? सडकाच असणार.'

ती भेटेल त्याला सांगू लागली, "त्या पेठेतला कडबा खाऊन एक बैल मेला."

गाडीवान बिचकले. पण कुणाचा बैल मेला, ते कुणालाच सांगता येईना. त्यांचे बैल तर धडधाकट होते.

शेवटी बाई पदर पुढे ओढून स्वतःच पेठेत गेली. कडबा होता पार मागच्या टोकाला. तिथवर जाताना भांडी लागली, लुगडी लागली. तिने पेंढी सोडून काडी न् काडी हुंगली. माल चोख होता.

"एवढा स्वस्त कसा परवडतो?" तिने तिथल्या नोकराला विचारलं.

तिला न ओळखून तो म्हणाला, "नाहीच परवडत. लोक आत आले की बाकीचं खपतं. आणि घाटाखालचं ते दुकान एकदा बसलं, की मालक म्हणतील तो भाव."

बाहेर पडताना बाईच्या हातात एक नवा तांब्या होता. नको असताना घेतलेला.

दुसऱ्या दिवशी तिने एका म्हाताऱ्या गाडीवानाला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, मागे बैल मेला म्हणालीस. आता हे. उद्या आणखी काय सांगशील?"

कुणीच ऐकलं नाही. दुकान बंद पडलं, आणि महिन्याभरात पेठेतला कडबा तिप्पट महागला.

उन्हाळ्यात तोच म्हातारा घाट उतरून पायी आला. अर्धपोटी बैल चढणीवरच बसले होते. बाईने आपल्या गाईपुढची वैरण उचलून त्याला दिली.

"तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं असतंस," बाई म्हणाली, "पहिल्यांदा मी खोटं बोलले नसते तर."

तात्पर्य: खात्री न करता पसरवलेला संशय पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास घालवतो.