पहिल्या उसाचा मान

दोष सगळा भुजबा वानराचाच. फार जुन्या काळी नदीकाठच्या वानरटोळीत हंगामाचा पहिला ऊस दातांनी सोलायचा मान म्होरक्याचा असे. सोलता आला नाही, की म्होरकेपण संपलं. म्होरक्या होता भुजबा. म्हातारा झाला होता, पण शहाणा झाला नव्हता. "काडीने घासले की दात हलतात. आपल्या घराण्यात कुणी घासले नाहीत," असं तो दरडावायचा, आणि सगळी टोळी भिऊन एकमेकांच्या तोंडाचा वास सोसायची.

त्याची नात ठकी मात्र रोज सकाळी खुशाल बाभळीची काडी चावायची.

"कार्टे, बोळकी होशील!"

"आज्या, आपल्या घराण्यातले म्हातारे सगळेच बोळके. ते काय काडी घासून झाले?"

पोरं खो खो हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तीही काड्या मोडू लागली.

हंगाम आला. भुजबाने ऐटीत ऊस दातांत धरून हिसडा दिला. ऊस होता तसाच राहिला, पुढचे दोन दात मात्र त्यात रुतून बाहेर आले. मग ठकीने तोच ऊस सरसर सोलला. पोरांनी फांद्या हलवून असा दंगा केला, की नदीवरचे बगळे उडाले.

"आज्या, घे. नुसता चोख, चावू नको," म्हणत तिने पहिलं कांडं त्यालाच दिलं.

भुजबाचे दोन दात गेले आणि म्होरकेपणही गेलं.