साळूबाईची रिकामी कुपी

फार पूर्वीची नव्हे, फार पुढची ही गोष्ट. कडी असलेल्या एका मोठ्या ग्रहाभोवती एक लहान चंद्र फिरत होता. त्या चंद्रावर एक गाव होते. गावाचा धंदा एकच, प्रतिद्रव्य वेचण्याचा.

प्रतिद्रव्य म्हणजे आपल्या द्रव्याच्या उलट. ते ग्रहाच्या चुंबकी ओढीत अडकून फिरत राही. गावकरी चुंबकाच्या जाळ्याने ते धरत आणि चुंबकाच्याच कुपीत अधांतरी ठेवत. वर्षभर वेचले तरी डोळ्यांना दिसणार नाही एवढेच मिळे. पण तेवढ्यावर जहाजाचे इंजिन पेटे.

मात्र त्याला हवेचा कण लागला की दोन्ही नाहीसे. उरे तो लखलखाट. म्हणून कुपी भरण्याआधी पंपाने तिच्यातली हवा काढायची, अशी रीत होती.

इतर लोक पंपाचा काटा खाली आला की थांबत; बहुधा तेवढ्यावर निभून जाई. साळूबाई थांबत नसे. ती कुपी तापवी, भिंतीला चिकटलेली हवा सुटू देई आणि पुन्हा पंप चालवी. तिचा दीर केरबा हसे. म्हणे, आमची वहिनी रिकाम्या घरात केर काढते.

एकदा गावाचे जहाज कड्यांपलीकडे बंद पडले. आत बरीच माणसे होती. त्यांत साळूबाईची लेक मैना होती. आतली हवा सरत चालली होती. इंजिन पेटवायला भरलेली कुपी हवी होती. दुसरे जहाज ती न्यायला तयार उभे होते. त्या वेळी गावात भरलेली जाळी दोनच, एक केरबाचे आणि एक साळूबाईचे.

साळूबाईने कुपी तापवायला घेतली. केरबा चिडला.

"वहिनी, आज तरी पुरे करा. पोरगी तुमचीच आहे ना?"

"माझी आहे म्हणून कुपीतली हवा लवकर जात नाही, भावजी."

केरबा तडक आपल्या पंपाकडे गेला. काटा खाली आलेला दिसताच त्याने जाळे कुपीत रिते केले. भिंतीला चिकटलेली हवा सुटली आणि लखलखाट झाला. कुपी फुटली, केरबाचा हात भाजला आणि वर्षभराचे वेचलेले गेले.

आता एकच जाळे उरले.

कुपी न्यायला उभ्या असलेल्या जहाजाचा तांडेल सारखा येऊन विचारू लागला. दाराशी जमलेल्या बायका कुजबुजल्या की हिला आईचे काळीजच नाही. साळूबाईने ऐकले. पण तिने पंप सोडला नाही. तेवढ्यात केरबा भाजलेल्या हाताला फडके गुंडाळून आला आणि दारात आडवा बसला.

"तिला कोणी बोलायचे नाही," तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने साळूबाईने जाळे रिते केले. लखलखाट झाला नाही. कुपी शांत राहिली. तांडेल ती घेऊन निघाला. इंजिन पेटले आणि सगळी माणसे जिवंत परतली. मैनाला उचलून आणावे लागले. साळूबाईने तिला आपल्या हाताने पेज भरवली आणि मगच ती रडली.

हात बरा झाल्यावर केरबा पंपाजवळ येऊन उभा राहिला. साळूबाईने त्याच्यापुढे नवी कुपी ठेवली.

"घ्या, भावजी. रिकामे घर झाडा."

तात्पर्य: स्वतःचा जीव टांगणीला लागला असतानाही जो कामाची रीत सोडत नाही, त्याच्याच हाती दुसऱ्याचा जीव द्यावा.