मागे सरकवलेले पान

एका तालुक्याच्या गावी, फार जुनी गोष्ट नव्हे, एकदा एका कारकुनाने रोज वाचायचा नेम धरला. सदानंद त्याचे नाव. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. माणूस सरळ, शब्दाचा पक्का.

गावच्या वाचनालयाने वर्षभरापूर्वी आपली पुस्तके मोबाइलवर आणली होती. बोट लावले की काचेवर लाकडी फळी उमटायची, फळीवर पुस्तकांची रांग. रोज दहा नवी पाने सरकली की कोपऱ्यात एक दिवा लागे. एक दिवस चुकला की सगळे दिवे विझत आणि मोजणी परत एकपासून. ज्याचे दिवे वर्षभर अखंड राहतील त्याला वर्धापनदिनी शाल मिळायची. मात्र त्याने लोकांपुढे उभे राहून आपल्या वाचनातले काही सांगायचे, असे ठरले होते. सदानंदाचे तीनशे एक्केचाळीस दिवे झाले होते. उरले चोवीस. सगळा गाव त्याचेच नाव घेत होता.

मध्ये एकदा तो तापाने फणफणला, तीन दिवस डोळे उघडवेनात. पण दिवे विझले नाहीत. आपल्याकडे पारायणाची रीत असते ना, वाचणाऱ्याचा घसा बसला तर दुसरा पाटावर बसतो, पण पोथीत खंड पडू देत नाहीत. तीच रीत धरून त्याने बायकोला सांगितले, "उज्ज्वला, तेवढी दहा दहा पानं सरकव." तिने सरकवली. यात काही वावगे झाले असे दोघांनाही वाटले नाही.

पुढे आठपंधरा दिवसांनी उज्ज्वला मेथी निवडत बसली होती. सहज म्हणाली, "अहो, ती बाई शेवटी आत गेली का हो?"

"कोण बाई?"

"तुमच्याच पुस्तकातली. बारा वर्षांनी स्वतःच्या घरी येते आणि पायरीवरच बसून राहते, ती. तुमची पानं सरकवताना तेवढंच माझ्या नजरेला पडलं. म्हटलं, पुढचं तुम्ही वाचलं असेल."

 ते पुस्तक सदानंदाने केव्हाच संपवले होते. ताप उतरल्यावर जिथे पान उघडले तिथून तो वाचत सुटला होता. मधली तीस पाने आपण वाचलीच नाहीत, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते!

मग तो मनात एकेक पुस्तक आठवू लागला. दिवे आठवत होते. पुस्तके आठवेनात. ज्या पानांवरून आपली स्वतःची नजर फिरली ती तरी आपण वाचली का? त्याला काही उमगेना. कचेरीत अर्ज समोर येई आणि तो त्याच ओळीवर अडकून बसे. वर्धापनदिनी लोकांपुढे उभे राहून सांगायचे काय? आणि लोकांचे सोडा, लहानपणापासून आपल्याला वाचायला आवडते असे जे तो स्वतःला सांगत आला होता, तेच खोटे होते की काय, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

रविवार आला. रविवारी तो केरबातात्यांकडे फाटकी पुस्तके शिवायला शिकायला जाई. तात्यांनी वाचनालयात चाळीस वर्षे शिपायाचे काम केले होते. अक्षरओळख नाही, पण पुस्तक हातात घेतले की त्याची नाडी कळावी तसे त्यांना कळे. पडवीत पाने चिकटवायच्या खळीचे भांडे मध्ये घेऊन दोघे बसले. सदानंदाने सुई ओवता ओवता सगळे सांगून टाकले.

"तात्या, एखादं असं पुस्तक सांगा की जे डोक्यात राहील."

"मला कुठलं पुस्तक ठाऊक असणार बाबा? मी त्यांची धूळ झटकली." तात्या हसले. "ती पायरीवरची बाई कुठं आहे, ती काढ. वाच मोठ्यानं."

सदानंदाने पान शोधून वाचले. बाई येते. दाराला बाहेरून कडी असते. ती पायरीवर बसते. पान संपले. तो पुढे जाणार, तोच तात्यांनी आपले खळीने चिकट झालेले बोट काचेवर ठेवले आणि पान मागे सरकवले.

"तात्या, उलटं गेलं."

"जाऊ दे. ती आत का जात नाही?"

"कुलूप असेल."

"असेल म्हणजे? तू वाचलंस ना आत्ता?"

त्याने पुन्हा वाचले. कुलूप नव्हते. नुसती कडी होती, हाताने निघेल अशी. "मग का जात नसेल?" तो गोंधळून म्हणाला आणि उत्तर पुढे असेल म्हणून बोट उचलले. तात्यांनी पुन्हा पान मागे ढकलले.

"अहो, असं कसं! एकदा सरकलेलं पान हे यंत्र परत मोजत नाही. मला दहा नवी पानं हवीत. दिवा विझेल!"

"विझू दे की. भर दुपार आहे, अंधार काय पडतोय?"

सदानंदाला राग आला, पण वडीलधाऱ्यापुढे बोलवेना. तिसऱ्यांदा तो सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचू लागला. आणि एका ओळीपाशी त्याचा आवाजच थांबला. घर सोडताना त्या बाईने कडीला एक दोरा बांधला होता. तो दोरा अजून तसाच होता.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "बारा वर्षांत ते दार कुणी उघडलंच नाही. आत तिची वाट बघणारं कुणी नाही. बाहेर बसलीय तोवरच तिला वाटू शकतं, की असेल कुणी आत."

तात्यांनी खळीचा ब्रश पाण्यात बुडवला, निथळला. मग म्हणाले,

"सदानंदा, वाचनालयात पुस्तक परत आलं की मी ते मिटून कडेवरनं अंगठा फिरवायचो. ज्यानं नुसतं न्यायचं म्हणून नेलं, त्याची कड कोरीच्या कोरी. पण ज्यानं खरंच वाचलं, त्याच्या कडेला मधे कुठंतरी मळाची रेघ दिसायची. तिथं तो मागं फिरलेला असायचा. परत गेला, परत बोट लागलं. कळायचं मला, की हा माणूस इथं होता. तुझं यंत्र बिचारं पुढचं तेवढं मोजतं. मागं फिरणं त्याला दिसत नाही, आणि तूही त्याच्यासारखाच झालास."

"पण पारायणात दुसरा बसतोच की, तात्या."

"बसतो. कारण ऐकणारा गाव तोच असतो. वाचणारा बदलला तरी ऐकणारा उठत नाही. तुझ्या वाचनात ऐकणारा कोण होता? तूच ना? मग तू उठलास तेव्हा समोर कोण बसलं होतं?"

सदानंदाने मोबाइल खाली ठेवला. इतके दिवस मनात जो गुंता होता, त्याचे एक टोक हाताला लागल्यासारखे वाटले.

घरी आल्यावर त्याने उज्ज्वलेला हाक मारली आणि ते पान तिला मोठ्याने वाचून दाखवले. दोऱ्याची ओळ आली तशी तिची लाटती पोळी पोळपाटावरच राहिली.

"अगं बाई! म्हणजे हिला ठाऊक आहे."

"हो."

"मग? गेली का आत?"

"पुस्तकात नाही ते. पुढच्या पानावर दुसऱ्याच माणसाची हकीकत सुरू होते."

"बरं झालं," ती म्हणाली. का बरे झाले ते तिने सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. मग तिला एकदम आठवले. "तुमची दहा पानं राहिली असतील ना? पोळ्या झाल्या की सरकवू मी?"

"नको," सदानंद म्हणाला.

दुसऱ्या सकाळी काचेच्या कोपऱ्यातले सगळे दिवे विझलेले होते.

वर्धापनदिनी शाल औषधाच्या दुकानदाराला मिळाली. सदानंदाने मागच्या रांगेतून मनापासून टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी वाचनालयाचे चिटणीस त्याला शोधत आले. "सदानंदराव, तीनशे एक्केचाळीस दिवस झाले आणि खंड पडला. जिवाला लागलं हो आमच्या."

"खंड फार आधी पडला होता, चिटणीस," तो म्हणाला. "ज्या दिवशी दिवे विझले, त्या दिवशी मी परत वाचायला बसलो."

चिटणिसांना हे काही कळले नाही. सदानंदाला मात्र आता स्वच्छ कळले होते.

रोज वाचावे, मंडळी, जरूर वाचावे. पण ज्या दिवशी एकच पान झाले आणि त्यासाठी दोनदा मागे फिरावे लागले, तो दिवस रिकामा गेला असे समजू नये.