सटवाजीचा फेटा

एकदा एक वृद्ध शास्त्रीबुवा आपल्या तरुण शिष्याला घेऊन गावातल्या लोहाराच्या लेकीच्या लग्नाला गेले. शिष्याला नुकताच शब्दकोश मुखोद्गत झाला होता आणि ती विद्या काही केल्या त्याच्या पोटात राहीना.

लोहाराचे नाव सटवाजी. उभी हयात भात्यापुढे उघड्या अंगाने काढलेला हा माणूस आज उसना जरीचा फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन मांडवाच्या दाराशी उभा होता. शिष्य मोठ्याने म्हणाला, "काय हा भपका! भपका म्हणा, डामडौल म्हणा, बडेजाव म्हणा, अर्थ एकच. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!"

चार माणसे हसली. सटवाजीचा चेहरा पडला आणि तो फेटा उतरवू लागला. ते पाहून शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण तोंडून गेलेला शब्द परत कसा घ्यावा?

तोच, जन्मभर साध्या उपरण्यावर राहिलेले शास्त्रीबुवा पुढे झाले. "थांब सटवाजी, फेटा काढू नकोस. मलाही एक बांध. आणि तुरा जरा मोठा सोड!" फेटा बांधून, काठी टेकत ते सनईवाल्यांच्या पुढे ऐटीत चालू लागले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिष्य धावत त्यांच्यामागे आला. "गुरुजी, हे काय? आपण तर साधेपणा शिकवलात!"

"आजही तोच शिकवतोय. अरे, दुसऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून केला जातो तो भपका. आपण आहोत त्याहून मोठे भासावे, तो बडेजाव. पण लेकीच्या आनंदाने बाप नटला, तर त्याला थाट म्हणतात. फेटा तोच असतो; तो कोणासाठी बांधला, ते आधी पाहावे आणि मग शब्द उचलावा." तुरा सावरत त्यांनी डोळे मिचकावले. "आणि भर मांडवात कोश म्हणून दाखवणे, याला काय म्हणशील?"

"मिरवणे, गुरुजी," शिष्य ओशाळून म्हणाला.

तो तडक सटवाजीकडे गेला आणि वाकून म्हणाला, "काका, चुकलो. लग्नाचा थाट मात्र झकास झालाय!"

सटवाजीने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले. मग मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "मंग उभा का? बस की पंगतीला!" आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याच्या पानात जिलब्यांची अशी रास घातली, की पुढे एक शब्द बोलायला शिष्याच्या तोंडात जागाच उरली नाही.