चुलीत गेलेले माग

फार पूर्वी रोहितनगरात मेघवर्ण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रक. तो वयात आल्यावर राजाने त्याला अन्नशाळेचा अधिकारी नेमले.

त्या साली नदीकाठची उभी पिके टोळांनी खाल्ली. पाठोपाठ पाऊसही फिरकला नाही. राजा मनाने वाईट नव्हता. त्याने कोठारे उघडली आणि येईल त्याला अन्नशाळेत धान्य मिळू लागले. पण रांग वाढतच गेली. तेव्हा कोषाधिपती सुनंद राजाला म्हणाला, "महाराज, ज्यांचे हातपाय धड आहेत, घरात धंद्याचे साधन आहे, तेही फुकटचे खाऊ लागले आहेत. अशाने कोठार आटेल आणि प्रजा आळशी होईल. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्यालाच द्यावे."

राजाला ते पटले. ज्या घरात माग, कुंभाराचे चाक, नाव किंवा बैल आहे त्या घराला धान्य मिळणार नाही, अशी दवंडी पिटली गेली. घरोघर जाऊन पाहण्याचे काम भद्रकावर आले. त्यालाही त्यात काही वावगे दिसले नाही. आहे ते थोडे, ते सर्वांत गरिबाला मिळावे, एवढेच त्याच्या मनात आले.

विणकर आळीत पालिता नावाची विधवा आपल्या म्हाताऱ्या सासूसह राहत होती. घरात जमिनीत खणलेला मागाचा खड्डा होता आणि त्यावर सागवानी माग उभा होता. मागावर सूत नव्हते. कापूस टोळांनी खाल्ला होता, आणि कापड घ्यायला कुणाच्या हाती काही उरले नव्हते.

"बाई, तुमच्या घरी माग आहे," भद्रक म्हणाला. "तुम्हाला धान्य देता येणार नाही."

"आर्य, हा नुसता उभा आहे," पालिता म्हणाली. "कापूस आला की विणेन. तोवर काय खाऊ?"

"नियम आहे," असे म्हणून भद्रक पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पालिता रांगेत उभी होती. तिच्या तळहातांना फोड आले होते. "आता या घरी बघायला," ती म्हणाली, "माग नाही."

भद्रक तिच्यामागे घरी गेला. मागाची लाकडे चुलीशी रचलेली होती. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती. "माझ्या सासऱ्याच्या हातचा माग होता," ती म्हणाली. "कुऱ्हाड हिनेच चालवली. मी नको म्हटले नाही. भूक लागली होती."

नियमाप्रमाणे पालिताला धान्य मिळाले. मागाच्याच लाकडांवर तिने ते शिजवले. परत जाताना भद्रकाला आळीच्या दुसऱ्या घरातून कुऱ्हाडीचा आवाज आला, मग तिसऱ्या. नदीवर कोळी आपल्या नावा फोडत होते.

तो तसाच राजवाड्यात गेला. "महाराज, ज्याच्याजवळ काही नाही त्याला देऊ, असे आपण म्हणालो. म्हणून लोक होते नव्हते ते मोडत आहेत. माग असलेल्यालाच आधी द्या, म्हणजे माग टिकेल."

सुनंद हसला. "भद्रका, त्यांनी तुम्हाला फसवले. दोन मूठ धान्यासाठी जो आपले साधन मोडतो, त्याची दया कसली?"

राजाने नियम बदलला नाही.

भद्रकाने मात्र घरे पाहणे सोडले. दारात येईल त्याला, काही न विचारता, तो धान्य देऊ लागला. अजून ज्यांचे माग उभे होते त्यांच्या घरी तर तो स्वतः धान्य पोचवी. हे फार दिवस लपणारे नव्हते. सुनंदाच्या माणसांनी त्याला राजापुढे उभे केले. राजाने त्याचे पद काढून घेतले आणि घर सरकारजमा केले. भद्रकाने क्षमा मागितली नाही. तो विणकर आळीत राहायला गेला आणि आळीच्या विहिरीचे पाणी भरून पोट भरू लागला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. शेते पिकली, कापूस आला. दुष्काळ सरला म्हणून राजाने अन्नशाळा बंद केली. कापसाचे गाडे आळीत आले आणि तसेच परत गेले, कारण विणणार कशावर? नवा माग घ्यायचा तर त्यासाठी आधी कापड विकायला हवे होते. दुष्काळात जगलेली माणसे सुकाळात मरू लागली.

थंडी पडली. पालिताच्या घरात अंथरूण उरले नव्हते. मागाच्या रिकाम्या खड्ड्यात वारा कमी लागतो म्हणून सासू त्यात निजू लागली. एका सकाळी ती उठली नाही. भद्रक आणि पालिता यांनी तिला दोघांनी मिळून वर काढले. ती फार हलकी झाली होती.

त्याच दिवशी राजा आळीत आला होता. उत्सवासाठी नगरात वस्त्र मिळेना, आणि प्रजा खाऊन सुस्तावली आहे असे सुनंदाने त्याला सांगितले होते. दारात प्रेत पाहून तो थांबला.

"हे लोक आळशी का झाले, भद्रका?"

"आळशी झाले नाहीत, महाराज. आपण दारिद्र्य दाखवा म्हणालो. त्यांनी ते आणून दाखवले."

राजाने खड्ड्यात पाहिले. मग त्याने पालिताला विचारले, "तुला काय देऊ?"

"राजाच्या वनातले लाकूड द्या, सगळ्या आळीला," पालिता म्हणाली. "आणि पुन्हा दुष्काळ पडला, तर आमच्या घरात काय उरले आहे ते बघायला माणूस पाठवू नका. आम्ही जेवलो का, एवढे विचारा."

राजाने लाकूड दिले, नियम रद्द केला आणि भद्रकाला पुन्हा पदावर बसवले. वसंतात आळीत माग लागले. पण कित्येक घरांत विणणारे कुणी राहिले नव्हते. त्या घरांचे खड्डे भद्रकाने मातीने बुजवून घेतले.

पुढे कित्येक जन्मांनंतर, विहारात चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, वाटणाऱ्या एका भिक्षूने, फाटके चीवर दाखवील त्यालाच नवे मिळेल, असा नियम केला होता आणि काही भिक्षू धड चीवरे फाडू लागले होते. ते कळल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे हा चीवर वाटणारा भिक्षू. पालिता म्हणजे आपल्या संघातली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सुमंगला. भद्रक मी होतो. दान मेघवर्णानेही केले होते, भिक्षूंनो. ते दान घेणाऱ्याच्या घरात जाऊन काय करते, हे डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिलेले बोलणे, ही प्रज्ञा."